माझा रिपोर्ट आणि मायची सरकीची खीर

शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. आम्हाला एक मुलगी आहे. ती आता पाटी घेऊन शाळेत जाते आणि घरी आल्यावर मलाच शिकवते. पण ही हकिकत तिच्या जन्माची नाही. तिच्या आधी कितीतरी वर्षं खोट माझ्या शरीरात होती. ती मला कळली आणि कळल्यावरही मी चार महिने मूग गिळून बसलो, त्याची ही हकिकत आहे. ज्या घरात लेकरू होत नाही आणि बाई एकटीच दवाखान्याच्या पायऱ्या चढते-उतरते, त्या घरातल्या बाप्यानं हे वाचावं. बाई वाचेलच, तिला सांगावं लागत नाही.

मी जिंतूरच्या पंचायत समितीत लिपिक. गाव तिथून दोन कोसांवर. कापसाची जमीन, दोन म्हशी, आणि घरात आम्ही तिघं: माय, बायको सुमन आणि मी. वडील मी मॅट्रिकला असतानाच गेले. सुमनचं माहेर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गंगाखेडच्या पुढं राणीसावरगावला. सातवी शिकलेली, मोजकं बोलणारी. माय मात्र बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे.

सुमनच्या तपासण्या

लग्नानंतर पहिलं वर्ष कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी बायका विचारू लागल्या. तिसऱ्या वर्षी विचारायचं सोडून आपसात बोलू लागल्या, ते जास्त वाईट. मग उपास झाले, नवस झाले आणि शेवटी परभणीच्या लेडी डॉक्टर झाल्या.

बाईंनी सुमनची पिशवी साफ केली, नळ्या उघड्या आहेत का ते तपासलं, गोळ्या दिल्या. सोबत कधी माय असायची, कधी शेजारची कोणी. मी एकदाही गेलो नाही. ऑफिसात काम असतं, हे कारण मला स्वतःलाही पटायचं. एकदा ती तपासणी करून आली तेव्हा गाडीत बसायला जागा न मिळाल्यानं परभणीपासून उभी आली होती. मी विचारलं, "काय म्हणल्या डॉक्टरीणबाई?" पोट दुखतं का, असं विचारलं नाही. हे आज लिहितानाही लाज वाटते.

चौथ्या वर्षी एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "बाई म्हणायलत्या, माझ्यात कायी सापडंना. म्हणल्या, मालकाला घिऊन ये."

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणालो.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. त्यानंतर मला परभणीला जायला सहा महिने लागले. जिंतूर ते परभणी एसटीनं दीड तासाचा रस्ता आहे.

तपासणीचा दिवस

बाईंनी चिठ्ठी देऊन एका वयस्कर डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी एका लॅबकडे. लॅबमध्ये खूप माणसं बसली होती. लॅबवाल्यानं हातात एक बारकी बाटली दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मागच्या खोलीत जा, घाई करू नका." बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेला बसायला चाललो होतो.

मागची खोली म्हणजे अडगळ. रिकामी खोकी, मोडकी खुर्ची आणि भिंतीवर एका किराणा दुकानाचं लक्ष्मीचं कॅलेंडर. मी आधी ते कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून फिरवलं. नंतर हात जोडून पुन्हा सरळ केलं. मधल्या वेळाबद्दल एवढंच सांगतो की पुरुषाचा सगळा रुबाब त्या खोलीत उतरतो आणि तो उतरलेला बरा.

संध्याकाळी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "शुक्राणू फार कमी आहेत. जे आहेत, तेही सुस्त आहेत. अशात मूल राहणं अवघड आहे. पण रडायचं कारण नाही, यात सुधारणा होऊ शकते."

माझ्या कानात नुसता घूं असा आवाज येत होता. अंगात ताकद आहे, मी पोतं उचलतो, गावच्या कबड्डीत खेळलेलो आहे, मग हे कसं? डॉक्टरांना बहुतेक हे सवयीचं असावं. म्हणाले, "ताकदीचा आणि ह्याचा संबंध नाही. चांगला धिप्पाड माणूस असतो आणि रिपोर्ट रिकामा येतो."

मग त्यांनी विचारलं, "व्यसन?" मी तंबाखूची डबी दाखवली. ती आजपासून बंद, म्हणाले. "जेवण काय असतं?"

"भाकरी, भाजी, वरण, दूध."

"चांगलं आहे. पालेभाजी वाढवा, शेंगदाणे, तीळ, पेरू, आवळा खा. अंडी चालत असतील तर खा. असल्या जेवणातूनच शरीराला लागतं ते मिळतं. बी तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. आज खाल ते तेव्हा दिसेल. शेतकऱ्याच्या घरचे आहात, तुम्हाला मी वेगळं काय सांगू?"

जेवणात काय असतं, हे मी खरंच सगळं सांगितलं होतं असं मला वाटत होतं. एक गोष्ट राहिली होती, पण आईच्या हातची खीर कोण डॉक्टरला सांगतं?

खीर

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला टायफॉइड झाला होता. अंगाची काडी झाली होती. तेव्हा मायनं सरकीची खीर सुरू केली. म्हशीला सरकी घातली की दूध दाट होतं आणि अंग धरतं, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. मग पोराला का नाही? ती सरकी भिजत घालायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातून दूध पिळून काढायची आणि गूळ-वेलदोडा घालून जरासं शिजवायची. लागायची छान. सरकी घरच्याच कापसाची, तिला तोटा नव्हता.

लग्नाआधी ती हिवाळ्यातच असायची. लग्न झाल्यावर बाराही महिने सुरू झाली, आणि मूल जसजसं लांबत गेलं तसतशी खीर दाट होत गेली. सुमनला त्यातली कधी मिळाली नाही. ती बाप्याची खीर होती.

परभणीहून आलो तेव्हा दोघी ओट्यावर बसल्या होत्या. सुमननं डोळ्यांनीच विचारलं. मी म्हणालो, "ठीक हाय रिपोर्ट."

तीन शब्दांचं खोटं. ते इतकं सहज निघालं की मीच चकित झालो. माय लगेच म्हणाली, "मला ठावं व्हतं. माझ्या पोरात खोट निघंल कशी?" सुमन उठून आत गेली. रिपोर्ट मी ऑफिसच्या कपाटात, बंद पडलेल्या विहिरींच्या फाईलमध्ये ठेवला. ती फाईल कोणी मागत नसे.

पुढचे महिने मी फार मन लावून खाल्लं. मेथी खाल्ली, अंबाडी खाल्ली, खिसे भरून शेंगदाणे खाल्ले. तंबाखू सुटता सुटेना, पण अर्ध्यावर आणली. आणि मायला म्हणालो, "खीर दोन टाइम करत जा." तिला आनंद झाला. पोरानं आपणहून मागितली होती.

त्याच दिवसांत माय सुमनला पोट चोळणाऱ्या एका बाईकडे नेत असे. ती बाई एक काळा काढा द्यायची. तो प्यायला की सुमनला ओकाऱ्या व्हायच्या. ती अंगणात बसून ओकायची आणि मी तांब्या घेऊन शेजारी बसायचो. पाणी द्यायचो, पाठीवरून हात फिरवायचो. खरं तेवढं सांगायचो नाही. मी भित्रा होतो, याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही.

एसटी स्टँडवर

साडेतीन महिन्यांनी फाईलमधला जुना रिपोर्ट सोबत घेऊन गेलो आणि पुन्हा तपासणी केली. रिपोर्ट आधीपेक्षा वाईट. डॉक्टरही बुचकळ्यात पडले. "तंबाखू तर कमी केलीत, मग असं का?" असं स्वतःशीच म्हणाले आणि रक्ताच्या काही तपासण्या लिहून दिल्या.

स्टँडवर आलो तर गाड्या उभ्या. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवशी दुपारनंतर बंद पुकारला होता. बाकावर रशीदभाई भेटला. आमच्याच पंचायत समितीच्या जनावरांच्या दवाखान्यात तो ड्रेसर, मलमपट्टी करणारा. शेजारी त्यानं एक मोठं ॲल्युमिनियमचं भांडं ठेवलं होतं. त्यात वळूचं गोठवलेलं बी होतं, संकरित वासरांसाठी. तो भांड्यावर हात ठेवूनच बसला होता.

"भाऊसाहेब, गाडी कवा सुटंल खुदा जाणे," तो म्हणाला. "ह्यातला गॅस उडाला की समदं बी मेलं बगा."

त्या दिवशी मला बी या शब्दाशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी आडून विचारलं, "रशीदभाई, ह्या वळूला चारतेत काय?"

"लय थाट असतो त्याचा. हिरवा चारा, हरभरा, मोड आलेलं धान्य. रोज फिरवतेत, लठ्ठ होऊ देत न्हाईत."

"आन सरकी?"

"सरकी न्हाई. दुभत्या म्हशीला घाला खुशाल. वळूला घालू नका, असं आमचे साहेब पयल्या दिवशीच सांगतेत. बी कमजोर होतं म्हणतेत." माझ्या तोंडाकडे बघून तो थांबला. "काय झालं? पाणी आणू का?"

मी उठलो आणि तसाच दवाखान्यात परत गेलो. डॉक्टर जेवायला निघाले होते. मी दारातच उभा राहून खिरीचं सगळं सांगितलं: टायफॉइडपासून दोन टाइमपर्यंत. ते पुन्हा खुर्चीत बसले. म्हणाले, कच्च्या सरकीत एक द्रव्य असतं, त्यानं पुरुषाचं बी घटतं असं त्यांच्या वाचनात आलं होतं. बाजारातलं शुद्ध केलेलं तेल वेगळं, त्यातून ते काढलेलं असतं. "तुमच्या बाबतीत तेच कारण असेल असं मी शपथेवर सांगणार नाही. तंबाखूही आहे. पण दोन्ही आज बंद. तीन महिन्यांनी पाहू."

मी त्या डॉक्टरांचे पाय धरले. ते रागावले आणि जेवायला गेले.

रविवार

घरी सांगायचं ठरवून आलो आणि पुन्हा चार दिवस घालवले. रविवारी येलदरीकडचे मामा आले. मायचे थोरले भाऊ, आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. मायनंच निरोप धाडून बोलावलं होतं. बोलणं काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं, सुमनलासुद्धा. ती चुलीजवळ चहा करत होती.

"पोरगी चांगली हाय," मामा म्हणाले. "गरिबाची हाय, शेतात राबंल. सुमनला काय काढून द्यायचं न्हाई. ऱ्हाईल की एका कोपऱ्यात. भाकरीला कोण न्हाई म्हणतंय? म्या न्हाई का केली दुसरी? काय बिघडलं?"

मामांची पहिली बायको तिच्या भावाकडे राहायची. तिचं काय बिघडलं, ते विचारायला आमच्यातलं कोणी कधी गेलं नव्हतं.

सुमननं चहा आणून ठेवला. कप ठेवताना तिचा हात जराही हलला नाही. तो हलला असता तर मी कदाचित आणखी गप्प बसलो असतो.

"मामा, थांबा," मी म्हणालो. "सुमनमदी कायी खोट न्हाई. माझ्यात हाय. दोनदा तपासलंय."

"गप रं," माय म्हणाली. "बायकोला वाचवायला कायबी बोलायलास."

मी खिशातले दोन्ही रिपोर्ट काढून मधे ठेवले. मामांना वाचता येत नव्हतं, मायलाही नाही. तरी दोघं त्या कागदांकडे बघत राहिले. सुमन वाचायला वाकली नाही. तिनं फक्त विचारलं, "कवा कळलं तुमाला?"

"चार महिने झाले."

"मी त्यो काढा प्यायचे तवा शेजारीच बसले होते तुमी," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, मी खरं बोललो तर तिला बरं वाटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरली, मायच्या पाया पडली आणि राणीसावरगावला निघून गेली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तीन महिने

मायला सरकीचं सांगू नये असं आधी वाटलं. मग विचार केला, लपवून लपवून काय मिळवलं? एका दुपारी ती सरकी भिजत घालायला बसली तेव्हा सगळं सांगितलं. तिनं हातातली सरकी पातेल्यात तशीच सोडली. मग म्हणाली, "आन म्हशीला? म्हशीला घालू का नको?"

"म्हशीला चालतं, माय."

तेव्हा ती रडली. वडील गेल्यावर रडली नव्हती इतकी रडली. मी तिला जवळ घेतलं. तू मायेनं केलंस, असं दहादा म्हणालो. ते खरंच होतं, पण तिला ते पुरलं नाही.

त्या तीन महिन्यांत तंबाखू पूर्ण सुटली. पहिले पंधरा दिवस मी ऑफिसात सगळ्यांवर खेकसत होतो. आमच्या घरात अंडं चालत नाही, तर रशीदभाईची बायको दोन अंडी उकडून त्याच्या डब्यात द्यायची. जनावरांच्या दवाखान्यात, औषधाच्या कपाटामागं बसून मी ती खायचो. रशीदभाईला मी सगळं सांगितलं होतं. त्यानं ना कधी कीव केली ना थट्टा. सोलून द्यायचा, मीठ पुढं करायचा. पेरू आणि आवळे माय स्वतः आठवडी बाजारातून आणायची आणि माझ्यासमोर ठेवायची.

सुमनला मी पाच पत्रं लिहिली. पाचव्याचं उत्तर आलं, दोन ओळींचं. "तपासणीच्या दिवशी मी परभणीला येते. रिपोर्ट मी वाचणार."

ती गंगाखेडकडच्या गाडीनं आली, मी जिंतूरच्या. लॅबच्या बाकावर ती म्हाताऱ्या-कोताऱ्यांमध्ये ताठ बसून राहिली. रिपोर्ट लॅबवाल्यानं माझ्यापुढे धरला, तो तिनंच घेतला. सावकाश वाचला. न कळलेले शब्द डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, पूर्ण नाही, पण चांगली सुधारणा आहे, असंच चालू ठेवा. तिनं कागदाची घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवली.

"ह्ये आता माझ्याजवळ ऱ्हाईल," ती म्हणाली आणि जिंतूरच्या गाडीत चढली. माझ्याशेजारी बसली. वाटेत एका पेरूवाल्याकडून मी घेतलेला पेरू तिनं अर्धा मोडून मला दिला.

बायकांत आणि बाप्यांत

ती परत आल्यावर महिन्याभरानं शेजारी बारसं होतं. अशा वेळी सुमन दाराशीच उभी राहायची. कोणी मुद्दाम थांबवायचं नाही, पण पाळण्याजवळ कोणी बोलवायचंही नाही. त्या दिवशी मायनं तिचा हात धरून तिला पाळण्यापाशी नेलं आणि भरल्या घरात म्हणाली, "आधी माझी सून हात लावंल. खोट हिच्यात नव्हती, माझ्या पोरात व्हती. आन ती म्याच त्याला वाटीवाटीनं चारली व्हती."

हे मला सुमननंच घरी येऊन सांगितलं. सांगताना ती पहिल्यांदा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मायनं बायकांत सांगून टाकलं. बाप्यांत कोण सांगणार?"

मी दुसऱ्याच दिवशी मारुतीच्या पारावर सांगितलं. शुक्राणू, रिपोर्ट, सरकी, सगळं. कोणी खाकरलं, कोणी हसलं. एकजण म्हणाला, "भाऊसाहेब, आता वळूचा खुराक लावा." मीही हसलो. जितकं भ्यालो होतो तितकं ते अवघड नव्हतं. आठवडाभरात ही गोष्ट येलदरीपर्यंत गेली.

एका सकाळी मामा ऑफिसात आले. कधी न येणारा माणूस. टेबलासमोर उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात.

"भास्करा, माझ्या वयाच्या माणसाचं तपासतेत का?"

"तपासतेत, मामा. पण आता ह्या वयात लेकराची..."

"लेकरासाठी न्हाई रं." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "दुसरीलाबी कायी झालं न्हाई. वीस वर्सं झाली. पयली अजून तिच्या भावाच्या चुलीवर भाकरी थापायलीय. खोट माझीच निगाली तर जाऊन सांगतो तिला. जित्ती हाय तवर सांगाया पाहिजे."

मी रजेचा अर्ज लिहिला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि आम्ही दोघं परभणीच्या गाडीत बसलो.